टपालापासून पडद्यापर्यंत : घरपोच उच्च शिक्षणाची वाटचाल

उच्च शिक्षणाच्या संदर्भात ‘अंतर’ हा शब्द शहरातील माणसाला फारसा बोचत नाही. वाशीसारख्या गावाला तो पिढ्यान्‌पिढ्या बोचत आला आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पदवी मिळवायची तर १९१८ साली स्थापन झालेले हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ गाठावे लागे आणि तेथील शिक्षणाचे माध्यम होते उर्दू. दुसरी वाट हद्द ओलांडून जात असे. बार्शी इंग्रजी अमलाखालील सोलापूर जिल्ह्यात होती. सोलापुरात दयानंद महाविद्यालय १९४० साली निघाले; त्यापूर्वी ज्यांना जमले ते पुण्यास गेले, आणि ज्यांना जमले नाही त्यांचे शिक्षण मोडीचे वळण व हिशेबाचे पाढे यांवरच थांबले. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) जे महाविद्यालय काढले व जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले, त्याने मराठवाड्यातील गोरगरिबांना पहिला मोठा दरवाजा उघडून दिला. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. पूर्वी भूम तालुक्यात असलेले वाशी पुढे स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण झाले, आणि बार्शीच्या श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळाचे कर्मवीर मामासाहेब जगदाळे महाविद्यालय गावातच उभे राहिले.

गावात महाविद्यालय आल्याने मैलांचे अंतर मिटले. वेळेचे अंतर मात्र राहिलेच. सकाळी दुकान उघडून गल्ल्यावर बसणारा मुलगा, बारावी होताच विवाह होऊन सासरी आलेली सून, पेरणीच्या दिवसांत शेत सोडू न शकणारा तरुण, यांना तासिकांच्या वेळी वर्गात बसणे शक्य नव्हते व आजही नाही. अशा माणसांपर्यंत विद्यापीठाने चालत जावे, हा विचार नवा नाही. आज ‘ऑनलाइन कोर्स’ हा शब्द ऐकला की तो काल-परवा संगणकाबरोबर जन्मला असे वाटते. प्रत्यक्षात त्याची वंशावळ टपालाच्या पाकिटापर्यंत मागे जाते, आणि प्रत्येक पिढीत त्याला एकाच प्रश्नाने अडविले आहे.

टपालाचा काळ

लंडन विद्यापीठाने १८५८ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांना परीक्षेस बसण्याची मुभा दिली. कोठेही शिका, कसेही शिका, परीक्षा मात्र आमची द्या, असा तो व्यवहार होता. आपल्याकडील ‘बहिःस्थ विद्यार्थी’ ही कल्पना त्याच वळणाची. बहिःस्थ विद्यार्थ्याला विद्यापीठ अभ्यासक्रमाची यादी देई, परीक्षेची तारीख देई आणि मधले वर्षभर त्याला त्याच्या नशिबावर सोपवी. १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्राचार अभ्यासक्रम सुरू करून निदान टपालाने पाठ पाठविण्याची व्यवस्था केली. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये तोच मार्ग धरला. पाठांची छापील पुस्तिका घरी येई, उत्तरे लिहून पाठवावी लागत, ती तपासून परत येत. टपालाला लागणारा वेळ मोजला तर शंका विचारल्यापासून तिचे उत्तर हाती पडेपर्यंत विद्यार्थी ती शंका विसरूनही गेलेला असे.

या पदव्यांकडे समाज कसा पाहत होता, हेही सांगितले पाहिजे. पदवी ही एका अर्थी हुंडी आहे. हुंडी लिहिणाऱ्या पेढीची पत असेल तरच परगावचा व्यापारी ती सकारतो. कागद कितीही सुबक असला तरी पत नसेल तर तो परत येतो. पत्राचाराच्या पदवीला विद्यापीठाचा शिक्का तोच होता, पण नोकरीच्या मुलाखतीत आणि सोयरीक जुळवितानाही ‘बाहेरून केले’ हे शब्द दबक्या आवाजात उच्चारले जात. या हुंडीची कथा पुढे न्यायालयापर्यंत गेली. ती यथाक्रम येईल.

पुण्याचा नभोवाणी प्रयोग

टपालाच्या पाठोपाठ नभोवाणी आली, आणि तिच्या संदर्भात एक प्रयोग महाराष्ट्राच्या भूमीवर झाला, ज्याची दखल जगाने घेतली. आज तो जवळजवळ विस्मरणात गेला आहे. तो शेतकऱ्यांसाठी होता, महाविद्यालयांसाठी नव्हता. तरी यंत्राद्वारे शिक्षणाचा विषय निघाला की त्याच्याइतका बोध देणारे उदाहरण शोधून सापडणार नाही.

१९५६ च्या प्रारंभी आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोतृमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा सायंकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. बियाणे, खते, जनावरांचे आजार, सहकारी संस्था असे त्यातील विषय. गावातील पंधरा-वीस माणसे एकत्र बसून तो ऐकत. कार्यक्रम संपल्यावर रेडिओ बंद करून त्याच विषयावर चर्चा होई. एक संयोजक ती नोंदवून घेई आणि अडलेले प्रश्न केंद्राकडे पाठवी. त्या प्रश्नांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत दिली जात. म्हणजे रेडिओ एकाच बाजूने बोलत असला तरी गावाचे बोलणे त्याच्यापर्यंत पोहोचविण्याची सोय मुद्दाम करून ठेवलेली होती.

या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले व पॉल न्यूराथ या अभ्यासकाने त्याचे निष्कर्ष मांडले. त्यांनी तीन प्रकारची गावे ताडून पाहिली : श्रोतृमंडळ असलेली, रेडिओ असूनही मंडळ नसलेली, आणि रेडिओही नसलेली. मंडळ असलेल्या गावांतील लोकांच्या माहितीत ठळक वाढ दिसली. ज्या गावांत केवळ रेडिओ होता, तेथे ती वाढ किरकोळ ठरली. यंत्र तेच, कार्यक्रम तोच, निवेदकाचा आवाजही तोच. फरक होता तो ऐकून झाल्यावर सोबत बसून बोलणाऱ्या माणसांचा.

पुढे १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. विस्तार होत गेला तशी नोंदी ठेवणारी, प्रश्न गोळा करणारी आणि उत्तरे परत आणणारी व्यवस्था पातळ होत गेली. रेडिओ संच तेवढे उरले. यंत्र विकत घेता येते, त्याची पावती मिळते, उद्‌घाटन करता येते. संयोजकाला मात्र दर आठवड्याला यावे लागते आणि त्याचे उद्‌घाटन कोणी करीत नाही. आपल्याकडील पुष्कळ शैक्षणिक योजनांचे हेच झाले आहे.

दूरचित्रवाणीची कथा थोडक्यात सांगता येईल. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहामार्फत सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यात आले. ‘साइट’ या नावाने तो प्रयोग प्रसिद्ध आहे. महाराष्ट्र त्यात नव्हता; परंतु कर्नाटकातील निवडलेल्या जिल्ह्यांत गुलबर्गा होता, जो धाराशिव जिल्ह्याला लागूनच आहे. वर्ष संपले, उपग्रह परत नेण्यात आला आणि पडदे काळे झाले. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी देशव्यापी वर्ग सुरू केला. त्याचे काही कार्यक्रम पुणे विद्यापीठाच्या माध्यम केंद्रात तयार होत. कार्यक्रम चांगले होते, पण बहुतांशी इंग्रजीत, आणि ज्या वेळी ते लागत त्या वेळी मराठवाड्यात वीज असेलच असे नव्हते.

ज्ञानगंगा घरोघरी

ब्रिटनमध्ये १९६९ साली राजसनदेने मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. प्रवेशासाठी आधीच्या परीक्षेची अट नाही, वयाची आडकाठी नाही, असा त्याचा बाणा होता. भारतात त्या धर्तीवर पहिले विद्यापीठ १९८२ साली आंध्र प्रदेशात निघाले, दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये, आणि राजस्थानातील कोटा येथे १९८७ मध्ये जे निघाले त्याला पुढे भगवान वर्धमान महावीरांचे नाव देण्यात आले. महाराष्ट्रात १ जुलै १९८९ रोजी विधिमंडळाच्या कायद्यान्वये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद मराठी माणसाच्या तोंडी सहज बसले.

या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. ते पूर्वी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते, नंतर दिल्लीच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. महाराष्ट्रातील दूरशिक्षणाला जी घडी बसली, तिच्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. पत्राचाराच्या जुन्या पद्धतीतील उणीव ओळखून या विद्यापीठाने दोन गोष्टी केल्या, आणि त्या दोन्ही वाशीसारख्या गावांच्या उपयोगी पडल्या.

पहिली गोष्ट पुस्तकांची. विद्यापीठाची पुस्तके मराठीत, स्वयं-अध्ययनासाठी म्हणून मुद्दाम लिहविली गेली. प्रकरणाच्या सुरुवातीस ‘हे वाचल्यावर तुम्हाला काय समजेल’ हे सांगायचे, मध्येच थांबवून प्रश्न विचारायचा, शेवटी उत्तर पडताळून पाहायला लावायचे, अशी त्यांची रचना. शिक्षक समोर नाही हे गृहीत धरून शिक्षकाचे बोलणे कागदावर आणण्याचा तो प्रयत्न होता. बारावी उत्तीर्ण नसलेल्यांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम ठेवण्यात आला. शाळा सुटून वीस वर्षे झालेल्या माणसाला त्यामुळे पदवीची वाट खुली झाली. शेतकऱ्यांसाठी भाजीपाला, फळबाग यांसारखे छोटे शिक्षणक्रम निघाले. सेवेत असलेल्या शिक्षकांना बी.एड. करण्याची सोय झाली.

दुसरी गोष्ट अभ्यासकेंद्रांची. विद्यापीठ नाशिकला, त्याची आठ विभागीय केंद्रे राज्यभर, आणि त्यांच्याखाली ठिकठिकाणच्या महाविद्यालयांत व शाळांत अभ्यासकेंद्रे. तेथे सुटीच्या दिवशी संपर्क सत्रे होतात, गावातील वा जवळच्या गावचे प्राध्यापक मार्गदर्शन करतात. पुण्याच्या प्रयोगातील संयोजकाला येथे विद्यापीठाच्या रचनेतच जागा मिळाली. रविवारी सकाळी वर्गातील बाकावर पोलीस शिपाई, अंगणवाडी सेविका, किराणा दुकानदार आणि दोन मुलांची आई शेजारी-शेजारी बसलेली दिसू लागली. अशा वर्गात एखाद्याने ‘सर, हे पुन्हा सांगा’ म्हटले की उरलेल्या दहाजणांची भीड मोडते.

सर्वच केंद्रे अशी चालली असे म्हणणे धाडसाचे होईल. काही ठिकाणी केंद्र म्हणजे अर्ज भरण्याची खिडकी एवढाच अर्थ उरला. पुस्तके उशिरा पोहोचली, सत्रांना कोणी फिरकले नाही, आणि परीक्षेच्या आठवडाभर आधी बाजारातील ‘गाइड’ हाच गुरू ठरला. तरीही दरवर्षी काही लाख लोक ज्या विद्यापीठात नाव नोंदवितात, त्याने महाराष्ट्राच्या समाजजीवनात जे केले त्याचा हिशेब अद्याप कोणी नीट मांडलेला नाही. विशेषतः लग्नानंतर पदवी घेतलेल्या स्त्रियांचा. त्यातील कित्येकींना नोकरी करायची नव्हती. मुलांच्या शाळेच्या अर्जावर आईच्या शिक्षणापुढे लिहावयाचा एक शब्द त्यांना हवा होता. व्यवहारी दृष्टीने पाहणाऱ्याला हे कारण किरकोळ वाटेल. ज्या घरात असे घडले आहे, त्या घराला ते किरकोळ वाटत नाही.

अशाच प्रकारचे कार्य जैनविद्येच्या क्षेत्रात राजस्थानातील लाडनूं येथील जैन विश्वभारती करीत आली आहे. १९९१ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि जैनदर्शन, प्राकृत यांसारख्या विषयांत घरी राहून अभ्यास करण्याची सोय झाली.

संगणक तालुक्यात येतो

२००१ मध्ये महाराष्ट्र शासन व विद्यापीठे यांच्या सहभागाने महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन लिमिटेड, म्हणजे एमकेसीएल, ही संस्था पुण्यात स्थापन झाली. विवेक सावंत हे तिचे प्रमुख होते. तिचा एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यात पोहोचला. शासकीय नोकरीसाठी संगणकाचे प्रमाणपत्र आवश्यक ठरल्याने त्यास मागणी आली हे खरे. परंतु त्यातील एक विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. शिकविण्याची सामग्री संगणकावरच असे, परीक्षाही संगणकावर, तरीही केंद्रात माणूस ठेवणे बंधनकारक होते. माउस हातात धरताना थरथरणारा हात सावरायला कोणीतरी शेजारी हवे, हे त्या रचनेत ओळखलेले होते. मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांत अनेक मुलींनी आयुष्यात पहिल्यांदा संगणकाला हात लावला तो अशाच केंद्रात.

मोठ्या संस्थांकडूनही धडे बाहेर पडू लागले होते. २००३ पासून आयआयटी संस्था व बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी ‘एनपीटीईएल’ प्रकल्पाखाली अभियांत्रिकीची व्याख्याने चित्रित करून सर्वांसाठी मोफत खुली केली. पवईच्या आयआयटीचे डॉ. दीपक फाटक यांनी हजारो महाविद्यालयीन शिक्षकांना एकाच वेळी दूरस्थ पद्धतीने प्रशिक्षण देण्याचे कार्य उभे केले. तेथीलच डॉ. कन्नन मौद्गल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने संगणकाचे दहा-दहा मिनिटांचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांच्या ध्वनीत उपलब्ध केले. पडद्यावर अक्षरे इंग्रजी, कानावर शब्द मराठी, अशी ही योजना. नोकरी इंग्रजी पडद्यावर करावी लागणार आणि समजणार मराठीत, हे वास्तव तिने निमूटपणे स्वीकारले.

अमेरिकेत २०११ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन अध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक वर्ग महाजालावर खुला केला, तेव्हा सुमारे १,६०,००० लोकांनी नावे नोंदविली. पुढील वर्षी ‘कोर्सेरा’ व ‘एडएक्स’ या संस्था निघाल्या आणि आता विद्यापीठे ओस पडणार अशी भाकिते वर्तविली गेली. ती खरी ठरली नाहीत. अशा खुल्या वर्गांत नाव नोंदविणाऱ्या शंभरांपैकी दहाजणही बहुधा शेवटपर्यंत पोहोचत नाहीत, हे लवकरच लक्षात आले. भारत शासनाचा ‘स्वयम्’ हा मंच ९ जुलै २०१७ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सुरू झाला. त्यावर नामांकित अध्यापकांचे शेकडो अभ्यासक्रम विनामूल्य आहेत. येथेही नोंदणी उदंड, पूर्तता थोडी, आणि भाषा बहुतेक इंग्रजी. फुकट मिळते म्हणून माणूस जे घरी आणतो, ते सारे तो वापरतोच असे नाही. कोणत्याही सेलच्या दुसऱ्या दिवशी हे दिसून येते.

सन २०२० : सक्तीची परीक्षा

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि जे प्रयोग म्हणून चालले होते ते एका आठवड्यात सर्वांवर येऊन पडले. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भारतातील सुमारे १५ टक्के घरांतच इंटरनेटची सोय होती. संगणक असलेली ग्रामीण घरे शंभरात पाचही नव्हती. मोबाइल होता, २०१६ नंतर डेटाही स्वस्त झाला होता. पण एका घरात एक मोबाइल आणि शिकणारी मुले दोन-तीन. तो प्रथम कोणाच्या हाती जात असे, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. बहुधा मुलाच्या.

अंतिम वर्षाच्या परीक्षांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. परीक्षा न घेता अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना राज्यांनी उत्तीर्ण करता येणार नाही, असा निर्णय २८ ऑगस्ट २०२० रोजी आला, आणि ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रात बहुपर्यायी प्रश्नांच्या, मुख्यतः ऑनलाइन, परीक्षा झाल्या. नेटवर्क मिळावे म्हणून गच्चीवर, माळावर, टेकडीवर बसून परीक्षा दिल्याच्या बातम्या गावोगावच्या वृत्तपत्रांत आल्या. महाविद्यालयांचे दरवाजे पूर्ववत उघडायला ऑक्टोबर २०२१ उजाडला.

या दीड वर्षाने तंत्रज्ञानाचे दोष दाखविले असे सामान्यतः म्हटले जाते. वस्तुतः त्याने नियोजनाचे दोष दाखविले. यंत्र आणले आणि व्यवस्था नाही, असे पूर्वीही झाले होते. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका एकाच हंगामात संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरविले. तपासनीसांची तयारी पुरेशी झालेली नव्हती. निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि पुढील प्रवेश हुकलेल्या विद्यार्थ्यांना त्याचा भुर्दंड सोसावा लागला. तेव्हा कोणतीही साथ आलेली नव्हती.

त्याच २०२० च्या डिसेंबरमध्ये सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड छापून धड्याला ध्वनी व चित्रफिती जोडण्याची त्यांची युक्ती गाजली. हे शालेय शिक्षणातील उदाहरण आहे हे मान्य करूनही एक गोष्ट येथे नोंदविली पाहिजे. वर्गातील मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे पाहून त्यांनी आधी ती भाषा शिकून घेतली. कोड त्यानंतर आला.

हुंडी सकारली जाते का

पदवीच्या पतीचा मुद्दा वर आला होता. काही अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना नव्याने परीक्षा देण्यास सांगितले, आणि त्यापुढील सत्रांच्या पदव्या रद्दच ठरविल्या. ज्या माणसाने पदवीच्या आधारे दहा वर्षे नोकरी केली, बढती घेतली, त्याच्या हातातील कागद एका दिवसात कोरा झाला. दोष त्याचा होता का? मान्यता आहे की नाही हे त्याने पाहिले नाही एवढाच.

त्यानंतर नियम स्पष्ट झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाचे एकत्रित विनियम केले. मान्यताप्राप्त संस्थेने मान्यताप्राप्त विषयात दिलेली दूरस्थ वा ऑनलाइन पदवी वर्गात बसून मिळविलेल्या पदवीशी समकक्ष आहे, हे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा जाहीर केले. अभियांत्रिकी, वैद्यक यांसारख्या शाखांना मात्र ही मुभा नाही. कोणत्या संस्थेला कोणत्या वर्षासाठी मान्यता आहे, याची यादी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर असते. कापडाचा गठ्ठा उतरवून घेण्याआधी जो माणूस बिलाशी थान ताडून पाहतो, त्याने मुलाचे प्रवेश शुल्क भरण्याआधी ही यादी पाहण्यास पाच मिनिटे द्यावीत.

याहून दूरगामी बदल दुसराच आहे. २०१६ च्या नियमांनुसार महाविद्यालयातील विद्यार्थ्याला एकूण श्रेयांकांपैकी २० टक्के श्रेयांक ‘स्वयम्’वरून मिळविता येत होते, २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के झाली. त्याच वर्षी श्रेयांकांची बँक सुरू झाली. विद्यार्थ्याने जे जे उत्तीर्ण केले ते त्याच्या खात्यावर जमा होते, आणि शिक्षण मध्येच सोडावे लागले तरी ठरावीक मुदतीत परत येऊन पुढे चालू ठेवता येते. व्यापारी समाजाला खात्यावर शिल्लक ओढणे म्हणजे काय हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. वडिलांचे आजारपण, दुकानाची जबाबदारी, मुलीचे लग्न, या कारणांनी दुसऱ्या वर्षाला सुटलेले शिक्षण पूर्वी बुडीत खाती जाई. आता तसे होण्याचे कारण नाही.

यातूनच एक भीती उभी राहते आणि ती खोटी नाही. चाळीस टक्के शिक्षण पडद्यावरून येणार असेल, तर तालुक्याच्या महाविद्यालयात तितक्या अध्यापकांची गरज काय, असा प्रश्न कोणीतरी कार्यालयात बसून विचारील. एखाद्या विषयाचा प्राध्यापक निवृत्त झाला की त्याची जागा न भरता ‘हा पेपर स्वयम्‌वर करा’ असे विद्यार्थ्यांस सांगणे सोपे आहे. असे झाले तर वाशीच्या मुलाला पवईच्या प्राध्यापकाचे व्याख्यान मिळेल आणि ते कळले नाही म्हणून विचारायला जवळ कोणी उरणार नाही. १९५६ च्या प्रयोगातील दुसऱ्या प्रकारचे गाव ते हेच : रेडिओ आहे, मंडळ नाही.

मराठी पाठ्यपुस्तकांत धड्याअखेरच्या प्रश्नांना ‘स्वाध्याय’ म्हणतात. जैन परंपरेत स्वाध्यायाचे पाच भेद सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. म्हणजे वाचणे, शंका विचारणे, मनन करणे, पुन्हा पुन्हा घोकणे आणि दुसऱ्यास सांगणे. वाचनेची सोय तंत्रज्ञानाने अशी काही केली आहे की पूर्वीच्या कोणत्याही काळात तिची कल्पना करता आली नसती. आम्नायही जमतो; चित्रफीत हवी तितक्या वेळा मागे नेता येते. पृच्छना मात्र अडखळते. नोव्हेंबर २०२२ पासून प्रश्नाला क्षणात उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे सर्वांच्या हाती आली, तीही मराठी समजणारी. शंका विचारायला लाजणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचा आधार मोठा आहे हे नाकारून चालणार नाही. परंतु तेच यंत्र स्वाध्यायाची उत्तरेही लिहून देते, आणि ते लिहून दिलेले उत्तर विद्यार्थ्याने वाचले तरी का, हे पाहणारा कोणी लागतो.

वाशीत काय करता येईल याचा विचार याच अनुषंगाने व्हावा. मुक्त विद्यापीठाची पुस्तके, ‘स्वयम्’ची व्याख्याने, मराठी ध्वनीतील संगणकाचे पाठ, हे सर्व तयार आहे, त्यासाठी एक पैसाही कोणाला नव्याने खर्चावा लागणार नाही. लागेल ती एक खोली, वीज व इंटरनेट यांची शाश्वती, चार-सहा संगणक, आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी तेथे येऊन बसणारा एक जाणता माणूस. निवृत्त प्राध्यापक गावात वा जवळपास असतात. संगणकांसाठी देणगीदार लवकर मिळतात, त्यांच्या नावाची पाटी लागते. त्या जाणत्या माणसाच्या मानधनासाठी दरवर्षी निधी उभा करणे हे खरे कठीण काम आहे. मुली व सुना यांच्यासाठी दुपारची वेळ वेगळी ठेवली तर त्या येतील; संध्याकाळी ठेवली तर बहुधा येणार नाहीत.

आणखी एक व्यावहारिक अडचण आहे. ‘स्वयम्’वरील श्रेयांक खात्यावर जमा व्हायचे तर शेवटची परीक्षा नेमून दिलेल्या केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन, देखरेखीखाली द्यावी लागते, आणि ही केंद्रे मोठ्या शहरांत असतात. परीक्षेचे शुल्क वेगळे भरावे लागते. घरी बसून बारा आठवडे शिकलेल्या मुलीला त्या एका दिवसासाठी पहाटेची एसटी धरून परगावी जावे लागते, सोबत भावाला किंवा वडिलांना घेऊन, आणि त्या दिवशी दुकान बंद राहते. नाव नोंदविलेल्यांपैकी किती जणी या टप्प्यावर गळतात, याची नोंद पूर्ततेच्या आकड्यांत वेगळी दिसत नाही. परीक्षा केंद्र धाराशिवला किंवा बार्शीला मिळावे अशी मागणी महाविद्यालये, पालक व संस्था यांनी मिळून संबंधितांकडे करता येण्यासारखी आहे.